अवकाशीय कचरा

पृथ्वीभोवती कक्षेत फिरणाऱ्या निरुपयोगी मानवनिर्मित वस्तूंना अवकाशीय कचरा म्हणतात. बंद पडलेले कृत्रिम उपग्रह, प्रक्षेपकांचे रिकामे टप्पे, स्फोट व टकरींतून उडालेले तुकडे, सुटे बोल्ट, रंगाचे पापुद्रे हे सारे त्यात येते; नैसर्गिक उल्काभ येत नाहीत. हा कचरा मुख्यतः २,००० किमी. उंचीपर्यंतच्या पृथ्वीनिकट कक्षांत साचला आहे. अमेरिकेने १७ मार्च १९५८ रोजी सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा कक्षेत टिकून असलेला सर्वांत जुना उपग्रह होय. त्याच्याशी संपर्क १९६४ मध्ये तुटला, पण तो अद्याप फिरतो आहे.

धोक्याचे स्वरूप : पृथ्वीनिकट कक्षेतील वस्तूंचा वेग सेकंदाला ७ ते ८ किमी. असतो. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या वस्तू एकमेकींवर आदळल्यास सापेक्ष वेग सरासरी १० किमी.पर्यंत जातो. १९८३ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानाच्या खिडकीवर रंगाचा बारीक कण आदळून खळगा पडला आणि ती काच बदलावी लागली. साधारण १० सेंमी.पेक्षा मोठ्या वस्तूंचा माग रडार व दुर्बिणींच्या साहाय्याने ठेवता येतो. १ ते १० सेंमी. आकाराचे तुकडे यूरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार दहा लाखांहून अधिक आहेत. उपग्रह निकामी करण्याइतकी ताकद त्यांच्यात असते, पण त्यांतील बहुतेकांचा ठावठिकाणा नोंदलेला नसतो.

उंची व आयुर्मान : विरळ वातावरणाच्या घर्षणाने वस्तूंची कक्षा हळूहळू खाली येते. ६०० किमी.च्या खालचा कचरा साधारणपणे काही वर्षांत वातावरणात शिरून जळतो, ८०० किमी.वरचा शतकानुशतके टिकतो; १,००० किमी.च्या वर हा काळ हजार वर्षांहून अधिक असू शकतो. त्यामुळे कचरा किती झाला याइतकेच तो कोणत्या उंचीवर झाला, हेही महत्त्वाचे ठरते. दोन उपग्रहभेदी चाचण्यांवरून हा फरक कळतो. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी सु. ८५० किमी. उंचीवर फेंगयुन-१सी हा स्वतःचाच जुना उपग्रह फोडला. त्याचे नोंदलेले तुकडे तीन हजारांहून अधिक असून त्यांतील पुष्कळसे अजून कक्षेत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’मध्ये सु. ३०० किमी. उंचीवरील उपग्रह पाडला. त्याचे काही तुकडे बरेच वर फेकले गेले, तरी बहुतेक काही महिन्यांत नष्ट झाले.

स्फोट व टकरी : टाक्यांत उरलेले इंधन आणि बॅटऱ्या यांमुळे निकामी वस्तूंचे स्फोट होतात. डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ प्रक्षेपकाचा चौथा टप्पा असाच फुटून तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर काम संपताच टप्प्यातील उरलेले इंधन सोडून देण्याची पद्धत इस्रोने स्वीकारली.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबीरियावर सु. ७९० किमी. उंचीवर रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ व अमेरिकी कंपनीचा चालू अवस्थेतील इरिडियम-३३ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. ते सु. अर्धा किमी. अंतर राखून निघून जातील, असा आधीचा अंदाज होता. या टकरीतून दोन हजारांहून अधिक नोंदण्याजोगे तुकडे निर्माण झाले. अशा तुकड्यांतून नव्या टकरी आणि त्यांतून आणखी तुकडे, ही साखळी एकदा सुरू झाली की नवीन प्रक्षेपणे थांबवूनही कचरा वाढत राहील, असे डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पाले यांनी १९७८ मध्येच मांडले होते. या साखळीला ‘केसलर परिणाम’ म्हणतात.

भूपृष्ठावर पडणारे अवशेष : मोठ्या वस्तूंचे उष्णतारोधक भाग न जळता जमिनीपर्यंत पोहोचतात. २ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात पेटत्या वस्तूंची रांग दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. ते चीनच्या चांग झेंग-३बी प्रक्षेपकाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. अशा अवशेषांमुळे जमिनीवर नुकसान झाल्यास १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्रावर भरपाईची जबाबदारी येते. कॉसमॉस-९५४ या अणुभट्टी असलेल्या उपग्रहाचे किरणोत्सर्गी अवशेष १९७८ मध्ये कॅनडात पडले. त्याबद्दल सोव्हिएट संघाने १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले.

उपाय : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला दुहेरी भिंतींची ढाल आहे; मोठा तुकडा जवळ येणार असल्यास स्थानकाची कक्षा बदलतात. काम संपलेला उपग्रह पृथ्वीनिकट कक्षेतून २५ वर्षांच्या आत खाली यावा, असा संकेत होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. सु. ८६७ किमी. उंचीवरील मेघा-ट्रॉपिक्स हा भारत-फ्रान्सचा उपग्रह आपोआप खाली यायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती. इस्रोने त्यात उरलेले इंधन वापरून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी तो पॅसिफिक महासागरावर नष्ट केला.

इंधन किंवा संपर्क न उरलेल्या जुन्या वस्तू मात्र दुसरे यान पाठवूनच काढाव्या लागतील. २०१८ मध्ये जाळे टाकून वस्तू पकडण्याचा प्रयोग कक्षेत यशस्वी झाला. २०२४ मध्ये एक जपानी यान प्रक्षेपकाच्या जुन्या टप्प्यापासून सु. १५ मी. अंतरावर पोहोचले. तंत्राइतकीच अडचण कायद्याची आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार निकामी वस्तूवरही मूळ राष्ट्राचा हक्क कायम राहतो, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय ती हलवता येत नाही. शिवाय कचरा नियंत्रणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक आहेत आणि साचलेला कचरा काढण्याचा खर्च कोणी सोसावा हे त्यांत ठरवलेले नाही.