ओलं सरपण

अमेरिकेतल्या रेडमंड शहरात मराठी घरांतून एक मत आता सिद्धान्तासारखं वावरतं. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईला इंग्रजी वाचायला शिकावंसं वाटलं, किंवा चौथीत शाळा सुटलेल्या सासूबाईंचं वाचन सुधारावं असं कुणी म्हटलं, की उत्तर तयार असतं. इंटरनेटवर सगळं आहे, फुकट आहे. एक टॅब्लेट द्या, दोन ॲप टाकून द्या, त्या आपल्या आपण शिकतील. वर्ग, शिकवणारा, ठरलेली वेळ यांची आता गरज उरलेली नाही. असं म्हणणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि आईवडिलांवर त्यांचा जीव आहे. म्हणून त्यांचं म्हणणं नीट ऐकून, मगच ते खोडायला हवं.

आधी पूर्वपक्ष. त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा लाजेचा आहे. साठी उलटलेल्या बाईला सुनेसमोर अडखळत वाचायची लाज वाटते, यंत्रासमोर वाटत नाही. एकच शब्द ती चाळीस वेळा ऐकू शकते आणि कुणी उसासा टाकत नाही. दुसरा मुद्दा वेळेचा: वर्ग भरतो तेव्हा नेमकं नातवंडांना शाळेतून आणायचं असतं. तिसरा पुराव्याचा. प्रौढांना वाचन शिकवणारं मोबाइल ॲप तयार करा, अशी एकूण सत्तर लाख डॉलरची स्पर्धा बार्बरा बुश प्रतिष्ठान आणि एक्सप्राइझ यांनी घेतली. २०१९ मध्ये दोन संघांनी पहिलं बक्षीस वाटून घेतलं. त्यांच्या ॲपमुळे शिकणाऱ्यांचं वाचन सुधारलं, हे मला मान्य आहे.

पण त्याच स्पर्धेचा पुढचा टप्पा पाहा. ॲप तयार झाल्यावर आयोजकांना आणखी एक स्पर्धा घ्यावी लागली: ती ॲप प्रौढांच्या हाती देऊन त्यांना वापरायला लावणाऱ्या स्थानिक संस्थांची. साधन तयार होतं. ते हातात ठेवणारं माणूस शोधायला वेगळी बक्षिसं लावावी लागली.

मूळ चूक अनुमानात आहे. ‘मी नेटवरून प्रोग्रॅमिंग शिकलो, म्हणून आईही नेटवरून वाचायला शिकेल.’ आपल्या नैयायिकांनी असल्या तर्काचा दोष फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं, आणि त्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ हे नाव दिलं. इथली उपाधी म्हणजे आधी झालेलं सोळा-सतरा वर्षांचं शिक्षण. काय शोधायचं, कुठलं पान भरवशाचं, कळलं नाही तर मागे कुठवर जायचं, हे त्या मुलाला कुणीतरी, कधीतरी, शेजारी बसून शिकवलेलं आहे. तो ते विसरला आहे, इतकंच. आणि सरपण असूनही दर वेळी धूर निघतोच असंही नाही. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. यांतले बरेचसे आधीच शिकलेले होते. मग आईने तो एकटीने पुरा करावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

तिची पहिली अडचण तर धड्याच्याही आधी येते. ॲप उघडलं की नाव, ईमेल, पासवर्ड. इंग्रजी शिकण्यासाठी आधी इंग्रजी लिहायचं. हा उंबरठा तिला कुणीतरी हात धरून ओलांडून देतं, आणि मग तेच माणूस म्हणतं की ती आपली आपण शिकतेय.

याच्या उलट टोकाला निवृत्त शिक्षकांचं एक मत आहे: पडदा नकोच, पाटी-पेन्सिल बरी. तेही टिकत नाही. नायजर देशात जेनी एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ गावांतले प्रौढ साक्षरता वर्ग अभ्यासले. सगळीकडे शिक्षक होते, अभ्यासक्रम तोच होता. काही गावांत त्याच्या जोडीला साधे मोबाइल दिले आणि ते वापरायला वर्गातच शिकवलं. फोन असलेल्या वर्गांचे गुण स्पष्टपणे जास्त आले. म्हणजे यंत्राने फरक पडतो, आणि तो वर्गाच्या जोडीने पडतो.

आपल्याकडचा दाखला मला याहून बोलका वाटतो. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. गावंच्या गावं रात्री कंदिलाखाली बसली, शिकवणारे गावातलेच होते. पण मोहीम गावातून पुढे गेली की हाती वाचायला काही उरत नसे, आणि नवसाक्षर पुन्हा अक्षरं विसरत. तिथे माणसं होती, मजकूर नव्हता. रेडमंडच्या घरात मजकुराचा पूर आहे आणि शेजारी बसणारं कुणी नाही. मोहिमेला जे मिळालं नाही ते आपल्याला आयतं मिळालंय, आणि तिच्याकडे होतं ते आपण टाकायला निघालोय. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. त्याआधी सावित्रीबाई घरीच शिकल्या होत्या. रमाबाई रानडे घरातल्या बायकांचा विरोध सोसत नवऱ्याकडून शिकल्या. ज्याला इथे ‘कुटुंब साक्षरता’ म्हणतात, तिची आपली परंपरा अशी घरातली आहे. प्रत्येक वेळी समोर एक माणूस होतं, ज्याला आपण वाचलेलं ऐकायचं होतं.

आता माझा पक्ष. प्रौढाला शिकवताना इंटरनेटवर ‘धडे’ शोधणं थांबवावं आणि तिच्या आयुष्यातला खरा मजकूर शोधावा. तो एका पानाचा असावा, आणि तिच्यासाठी निवडणाऱ्याने तो तिच्याबरोबर वाचावा. पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या अँजिकोसमध्ये सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच बोलण्यातले शब्द घेऊन.

रेडमंडमध्ये असे शब्द लाइट रेल्वेच्या नकाशावर सापडतात. २ लाइनची गाडी १० मे २०२५ पासून डाउनटाउन रेडमंडपर्यंत येते. शहरात चार स्टेशनं: ओव्हरलेक व्हिलेज, रेडमंड टेक्नॉलॉजी, मेरीमूर व्हिलेज, डाउनटाउन रेडमंड. आमच्या वाचनगटातल्या एक काकू हे पान पाहता पाहता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, हा शब्द दोनदा आलाय.’ व्हिलेज दोनदा, रेडमंडही दोनदा. चार नावांत दोन शब्द त्यांनी स्वतः शोधून काढले. मग ‘व्हिलेज’मधलं शेवटचं अक्षर उच्चारात का येत नाही, हा प्रश्न त्यांचाच आला. देवनागरीत वाढलेल्या माणसाला लिहिलेलं अक्षर गप्प बसलेलं चालत नाही. या एका प्रश्नावर आमचा अर्धा तास गेला आणि तो मला पुरेसा सार्थकी लागलेला वाटला. पुढच्या आठवड्यात त्या त्याच गाडीने ग्रंथालयात आल्या. किंग काउंटी ग्रंथालयाचे ‘टॉक टाइम’ हे मोफत संभाषणवर्ग असतात, तिथे लाजेचा प्रश्नही थोडा सुटतो, कारण समोरची सगळीच माणसं अडखळत असतात. घरी एकटीने घोकायला ॲप जरूर असावं. पूर्वपक्षाचं तेवढं म्हणणं मी घेते.

नातवंडांसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट आहे, २०१५ पासूनची, खुल्या परवान्याची. तिच्यावरच्या अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आजी मराठी पान वाचते, नात तेच पान इंग्रजीत वाचते, चित्र दोघींना एकच. कुणी कुणाचा शिक्षक हे पानागणिक बदलतं. ‘नातवंडं आजीला कॉम्प्युटर शिकवतील’ असं म्हणताना आपण आजीला कायमची विद्यार्थिनी करून ठेवतो, आणि इथल्या मुलाला मराठी वाचायला लावणारी घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती वाया घालवतो.

गेल्या महिन्यात काकूंच्या भावाने गावाहून सातबारा पाठवला. ऑनलाइन उतारा काढून त्याने तो व्हॉट्सॲपवर टाकला होता. काकूंनी चष्मा लावून गट क्रमांक वाचला, भोगवटादारांची नावं वाचली, आकार वाचला. नातू बोटाने पडदा मोठा करून देत होता. एका शब्दावर तो अडला, अक्षरं जुळवून त्याने तो कसाबसा वाचला: पोटखराबा. त्याने बाबाला विचारलं, बाबाला सांगता येईना. काकूंनी टॅब्लेट स्वतःकडे ओढला आणि ओढ्याकडेच्या त्या खडकाळ पट्ट्यात पीक का येत नाही, ते बोट ठेवून दोघांना सांगायला सुरुवात केली.