चौपाटीचे विमान आणि पुराव्याचा प्रश्न

विमानाचा पाठ सुरू झाला की वर्गात एक हात हमखास वर येतो. "सर, राइट बंधूंच्या आधी तळपद्यांनी मुंबईत विमान उडवलं होतं ना?" गेवराई तालुक्यातले उमापूर असो वा मुंबई, प्रश्न तोच. 'हो' म्हटले तर मुले टाळ्या वाजवतात, 'नाही' म्हटले तर हिरमुसतात. आम्हांला वाटते, उत्तर देण्याआधी शिक्षकाने मुलांनाच विचारावे : हे आपल्याला कशावरून कळले?

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, संस्कृतचा व्यासंग असलेले गृहस्थ. १८९५ साली त्यांचे 'मरुत्सखा' हे विनावैमानिक विमान चौपाटीवरून सुमारे १५०० फूट वर गेले आणि कोसळले, असे सांगतात. ते पाऱ्याच्या शक्तीवर चालले, असेही म्हणतात. परंतु त्या उड्डाणाचे छायाचित्र, मोजमाप किंवा पडताळता येईल अशी त्या वेळची बातमी पुढे आलेली नाही. शिवाय पारा हे इंधन नव्हे. त्याची वाफ करायची तर उष्णता बाहेरूनच द्यावी लागते, आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड! या संदर्भात ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ १९०४ नंतरचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता दुसरे उदाहरण पाहू. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे विनावैमानिक मॉडेल पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते. त्यांनी छायाचित्र काढले. ते मॉडेल आजही जपून ठेवलेले आहे. गंमत म्हणजे याच लँग्लींचे माणूस नेणारे विमान १९०३ साली दोनदा नदीत पडले, आणि त्याचीही नोंद आहे. अपयश नोंदवणाऱ्याच्या यशावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

वैमानिक नसलेल्या विमानाचा तोल कोण सांभाळणार? १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारे छोटे मॉडेल ११ सेकंद उडवले. मागच्या शेपटीच्या ठेवणीमुळे ते आपोआप सावरत असे. रेडिओने दुरून नियंत्रण नंतर आले. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लांनी तशी होडी चालवून दाखवली. छोट्या गॅस टर्बाइनवरचे रेडिओनियंत्रित मॉडेल ब्रिटनमध्ये १९८३ साली उडाले. आज हौशी मंडळी माणसाहून लांब जेट मॉडेले उडवतात. त्यांचे इंजिन बाटलीएवढे, इंधन केरोसीन, आणि फेरे मिनिटाला लाखाच्या घरात. आपल्या देशात बनलेल्या 'लक्ष्य' या विनावैमानिक विमानालाही छोटे जेट इंजिनच आहे. यातली प्रत्येक पायरी आधीच्या नोंदींवर उभी आहे.

मग तळपद्यांचे काय? विमान ही परक्यांची मक्तेदारी नाही, असे मानून प्रयत्न करणारा माणूस म्हणून त्यांचे नाव मुलांना जरूर सांगावे. मात्र 'उडवले' असे न म्हणता 'उडवल्याचे सांगतात, पुरावा मिळालेला नाही' असे म्हणावे. त्यात त्यांचा अपमान नाही.

तास संपण्यापूर्वी मुलांना पटांगणात न्यावे. कागदी विमान पाच वेळा सोडून दर वेळी अंतर, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी. पडलेले उड्डाणही गाळू नये. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या वर्षी नव्या वर्गाने विचारले, "खरंच एवढं लांब गेलं होतं?" तर ती वही उघडून दाखवता येईल. चौपाटीच्या विमानाबाबत नेमकी तीच वही आपल्याकडे नाही.