लेकरू कोणाच्या कडेवर?



गुडघ्यांनी साथ सोडली तशी मी नारदांची गादी सोडली. चाळीस वर्षे कीर्तन केले; आता वाचन आणि चिंतन एवढाच उद्योग उरला आहे. गादी सोडता आली, पण एक जुने उत्तर काही सोडून जाता येत नाही. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपले. दर्शनाच्या रांगेत एक तरुण माय उभी होती. एक लेकरू कडेवर, दुसरे पदराला धरून. ती म्हणाली, "महाराज, लग्नाआधी मी रोज हरिपाठाला जायची, वारी चालायची. आता लेकरं लहान. टाळ हातात घेतला की एक रडतं, दुसरं पळतं. अंगात त्राणही राहत नाही. मी परमार्थ करायचा कसा?"

मी तत्काळ उत्तर दिले, "माय, लेकरांची सेवा हाच तुझा परमार्थ. वेगळे काही करू नकोस." भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. ती "बरं महाराज" म्हणाली आणि गेली.

घरी आल्यावर मोठ्या समाधानाने हा प्रसंग मी आमच्या मंडळींना सांगितला. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "उत्तर बरंच दिलंत. पण कीर्तन होईस्तोवर तिचं लेकरू घ्यायला कुणी होतं का, हे विचारलंत का?"

मी गप्प झालो. आमचीही तिन्ही मुले तेव्हा लहान होती. मी दर आषाढीला दिंडीत चालत होतो आणि थोरल्याच्या जन्मापासून त्यांनी आळंदी ते पंढरपूर ही वाट पाहिलीही नव्हती. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

त्यानंतर संतचरित्रे मी तोच प्रश्न मनात ठेवून पुन्हा वाचली. लेकरू कोणी घेतले? माउली, चरित्रांत या प्रश्नाचे उत्तर आहे. आपण कीर्तनकार ते भरभर ओलांडून पुढे जातो, एवढेच.

मंगळवेढ्याच्या चोखोबारायांच्या घरचे आख्यान घ्या. सोयराबाईंचे दिवस भरत आले आणि चोखोबा बहिणीकडे, मेहुणपुरीला निर्मळेकडे निघून गेले. घरात दुसरे माणूस नाही. तेव्हा पांडुरंग निर्मळेचे रूप घेऊन, नणंद होऊन आला, अशी कथा आहे. त्याने बाळंतीण सांभाळली, बाळाचे केले. ते बाळ म्हणजे कर्ममेळा, पुढे स्वतः अभंगकर्ता झालेला. मी हे आख्यान पुष्कळदा रंगवले आणि देवाच्या भक्तवात्सल्यावर थांबलो. पण देवाने तिथे केले काय, ते पाहा. 'सोयरे, हाच तुझा परमार्थ' असा उपदेश करून तो परतला नाही. तो कामाला लागला. जनाबाईंच्या कथेतही तेच. देव आला आणि त्याने जात्याचा खुंटा धरला.

आता संत बहिणाबाईंकडे वळू. वेरूळजवळच्या देवगावात शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ च्या सुमारास त्यांचा जन्म. लग्न बालपणीच झाले, शिऊरच्या पाठकांच्या घरी, वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी. घरच्या तंट्यामुळे सारे कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांच्या मनाला तुकोबारायांचा ध्यास लागला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे हे पतीला सोसले नाही. त्यांनी मारहाण केली. बहिणाबाई गरोदर असताना त्यांना टाकून निघून जाण्याचेही त्यांनी ठरवले. मग ते आजारी पडले, अंथरुणावर पश्चात्ताप झाला आणि सगळे देहूला निघाले. देहूत तुकोबांचे कीर्तन कानांनी ऐकायला मिळाले, मंबाजीचा जाचही सोसावा लागला. तिथेच काशी ही कन्या झाली. पुढे पुत्र विठोबा झाला.

हे सारे बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत लिहून ठेवले आहे. स्त्रीने स्वतःचे चरित्र स्वतः सांगितल्याची इतकी जुनी उदाहरणे मराठीत फार थोडी. दोन लेकरांच्या या आईचे श्रवण थांबले नाही, रचना थांबली नाही. इसवी सन १७०० मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी पुत्र विठोबाला जवळ बोलावून आपल्या पूर्वजन्मांची कथा सांगितली. आईचा परमार्थ लेकराच्या ओंजळीत पडला.

पण एक गोष्ट मी निरूपणात नेहमी गाळत आलो. देहूला जाताना बहिणाबाईंचे आईवडील बरोबर होते, भाऊ बरोबर होता. काशीचा जन्म झाला तेव्हा आजीचे हात घरात होते. आणि ज्या पतीने एकदा हात उगारला होता, तोच आता कीर्तनाच्या गावी घेऊन आला होता. बहिणाबाईंची तळमळ त्यांची स्वतःची, त्यात शंका नाही. पण त्या तळमळीला बसायला जागा मिळाली ती घरची माणसे बदलली म्हणून.

तिसरी माउली म्हणजे आवली, जिजाबाई. तुकोबांच्या पत्नीला कजाग दाखवून मीही श्रोत्यांना हसवले आहे. त्याची आज लाज वाटते. तुकोबा भंडाऱ्यावर भजनात बसत आणि ही माउली घरची लेकरे, दारचे देणे सांभाळून भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे. तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलाने तो काढला, ही कथा आपण सांगतो. इथेही देव तिच्या वाटेत, तिच्या पायाशी आला. इसवी सन १६५० मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा नारायण पोटात होता, असे परंपरा सांगते. त्याने वडिलांचा चेहरा पाहिला नाही. त्याला वाढवले आवलीने. आणि त्याच नारायणमहाराजांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, ज्ञानोबा-तुकारामांच्या गजरात पंढरीची वाट धरली. आज लाखो पावले चालतात, त्यांच्या मुळाशी एका दमलेल्या आईची डोंगरचढण आहे.

नाव न उरलेल्या मायांचेही सांगतो. पहाटे जाते सुरू झाले की मांडीवर लेकरू निजलेले, हाताला खुंटा आणि ओठांवर ओवी. देहाला श्रम, मनाला नाम आणि लेकराला अंगाई, तिन्ही एकाच बैठकीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. पण जात्याचे कौतुक करतानाही नीट पाहा. एका खुंट्याला पुष्कळदा दोघींचे हात असत. सासू-सून, नणंद-भावजय, शेजारीण. एकीचे बाळ रडले तर दुसरीने ओढायचे. पिठाची गिरणी आली, दळणाचे कष्ट सरले, ते फार चांगले झाले. मात्र त्याबरोबर तो दुसरा हातही गेला.

म्हणून माझे जुने उत्तर आज दुरुस्त करतो. लेकरांची सेवा हा परमार्थ आहे, हे खरेच. पण तो एकट्या आईचा नाही. आईला तिचे चालणे, गाणे, श्रवण परत मिळावे यासाठी लेकरू कडेवर घेणे हा बापाचा, आजोबांचा, शेजाऱ्याचाही परमार्थ आहे. सप्ताहात आपण वीणा उभी ठेवण्यासाठी पहारे लावतो. तसाच एक पहारा लेकरांसाठी का लावू नये? हरिपाठाच्या वेळी चार म्हाताऱ्यांनी मंडपाच्या कडेला मुले खेळवली तर चार मायांच्या हातात टाळ येतील.

आमच्या मंडळी धाकटा अकरा वर्षांचा झाल्यावर पुन्हा वारीला आल्या. मधली वर्षे मी त्यांना परत देऊ शकत नाही. गेल्या आषाढीत मात्र सूनबाई आळंदीहून दिंडीबरोबर निघाल्या आणि दोन नातवंडांना घेऊन मी घरी राहिलो. एके दिवशी धाकटीने माझ्या खांद्यावर झोपून माझा सकाळचा नेम मोडला. मी तिला थोपटत विठ्ठल विठ्ठल म्हणत राहिलो. संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. मागे टाळ वाजत होते. त्या म्हणाल्या, "बाबा, आज दिवेघाट चढले. पाय दुखतात, पण फुगडीसुद्धा घातली."

त्या सप्ताहातली ती माय आज आजी झाली असेल. हे तिच्या वाचनात आले तर तिने मला क्षमा करावी.

रामकृष्णहरी.