मीटिंग रिक्वेस्टची कुळकथा

मीटिंगचं निमंत्रण येतं, आपण 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो आणि चहाला जातो. यात कसला आलाय इतिहास? आहे, आणि बर्‍यापैकी भांडणांचा आहे.

नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीचं कॅलेंडर म्हणजे स्वतंत्र संस्थान. ऑफिसात सगळीकडे एक्स्चेंज असेल तर मजा होती. प्रत्येकाच्या मोकळ्या-बिझी वेळांचा गोषवारा सर्व्हरवरच्या सामाईक पब्लिक फोल्डरमध्ये असायचा आणि मीटिंग ठरवणारा तो बघायचा. तुम्ही बिझी आहात एवढंच त्याला कळायचं. दातांच्या डॉक्टरकडे की दुसर्‍या कंपनीच्या इंटरव्ह्यूला, ते नाही! मला हा भाग फार आवडतो. पण समोरचा लोटस नोट्सवाला निघाला की संपलं, उचला फोन.

नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५, म्हणजे आयकॅलेंडर, आलं. संपादक दोघे: लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. बाजारात एकमेकांचे गळे धरणार्‍या कंपन्या! सोबतच्या आरएफसी २४४६ ने बोलण्याची रीत ठरवली. आयोजक 'रिक्वेस्ट' पाठवणार, पाहुणा 'रिप्लाय' देणार, वेळ जमत नसेल तर 'काउंटर'. वेळ बदलली की 'सीक्वेन्स' आकडा वाढतो, म्हणजे जुन्या वेळेला दिलेला होकार नव्या वेळेला चिकटत नाही. साधी युक्ती, पण बिनतोड.

हे सगळं जायचं ईमेलने, आणि तिथेच घोळ. उत्तर मेलबॉक्समध्ये पडून राहणार, घरच्या मशीनवर एक आणि ऑफिसात दुसरंच दिसणार. खरं कोणाचं? सर्व्हरचं, असं म्हणायला हवं होतं. त्यासाठी कॅप नावाचा प्रोटोकॉल वर्षानुवर्षं शिजत राहिला, डिसेंबर २००५ मध्ये 'प्रायोगिक' म्हणून छापला गेला आणि कोणी फारसा वापरलाच नाही. लिसा डुसो यांनी सोपी वाट धरली: वेबडॅव्ह आहेच, प्रत्येक अपॉइंटमेंट त्यावर एक फाइल म्हणून ठेवा. तेच मार्च २००७ चं कॅलडॅव्ह, आरएफसी ४७९१. गंमत म्हणजे त्यात निमंत्रणं पाठवायची सोयच नव्हती! ती जून २०१२ मध्ये आरएफसी ६६३८ ने आली. आता डेस्कटॉपने फक्त इव्हेंट सेव्ह करायचा, वाटप सर्व्हर करतो.

आणि त्याच मार्च २००७ मध्ये अमेरिकेने घड्याळं तीन आठवडे आधी पुढे केली. (मी तेव्हा प्राथमिक शाळेत. सुटलो.) आयकॅलेंडर टाइमझोनचे नियम इव्हेंटच्या आतच भरून पाठवतं, त्यामुळे आधी टाकलेल्या मीटिंगांत जुनेच नियम बसलेले. कॅलिफोर्नियाची सकाळी ८ ची मीटिंग म्हणजे पुण्यात रात्री ८:३०. पण जुन्या नियमांचं कॅलेंडर ११ मार्च ते १ एप्रिल ९:३० च दाखवणार. नुसता विंडोजचा पॅच पुरेना. आधीच टाकलेल्या मीटिंगा सरकवायला मायक्रोसॉफ्टला आउटलुकसाठी वेगळं टूल काढावं लागलं.