हॅलोवीनचा घरगुती पोशाख

हॅलोवीनचा घरगुती पोशाख म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुलांनी परिधान करण्यासाठी घरीच बेतून शिवलेला सोंगाचा वेश होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन येथे ही प्रथा विशेष रूढ आहे. भूत, चेटकीण, वटवाघूळ व लाल भोपळा ही सोंगे जुनी असून कथा-चित्रपटांतील पात्रे त्यांत नंतर आली.

इतिहास

सर्व संतांच्या सणाच्या (१ नोव्हेंबर) आदल्या रात्री वेश पालटून दारोदार फिरण्याची चाल स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये होती. तेथील स्थलांतरितांनी ती उत्तर अमेरिकेत नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी डेनिसन या अमेरिकी कंपनीने सुरकुत्यांच्या रंगीत कागदाचे (क्रेप) पोशाख कसे करावेत हे सांगणाऱ्या पुस्तिका काढल्या. त्यांतील पहिली १९०९ साली प्रसिद्ध झाली. हे पोशाख स्वस्त व देखणे असत. मात्र एका रात्रीपुरतेच टिकत आणि ठिणगीने सहज पेटत. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे नियंत्रण असल्याने मुलांचे गोड खाऊ मागत फिरणे रोडावले. युद्धानंतर ते पुन्हा वाढले आणि खोक्यात मिळणारे तयार पोशाख घरोघर पोहोचले. घरी शिवण्याची रीत त्यामुळे मागे पडली, पण संपली नाही. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक यांसारख्या नाममुद्रांचे कागदी नमुने वापरून आजही असे पोशाख शिवले जातात.

बेतणे व शिवणे

हा पोशाख नेहमीच्या कपड्यांवरून, बहुधा थंडीत, घातला जातो. म्हणून मापे उघड्या अंगावर न घेता आतील उबदार कपड्यांवरून घेतात. असे न केल्यास पोशाख ऐन वेळी काखेत अडतो. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. कापड म्हणून फ्लीस किंवा फेल्ट सोयीचे ठरते, कारण त्यांचे धागे सुटत नाहीत व कडा न दुमडताही चालतात.

वटवाघळाचा वेश नवशिक्यालाही एका दुपारी जमतो. त्यासाठी टोपी असलेला काळा स्वेटशर्ट घेतात. मुलाला हात आडवे पसरून उभे करतात आणि काखेपासून मनगटापर्यंत व काखेपासून कमरेपर्यंत अशी दोन मापे घेतात. या दोन बाजू काटकोनात धरून कागदावर त्रिकोण काढतात; तिसरी बाजू सरळ न ठेवता आत वळणाऱ्या दोन-तीन कमानींची करतात. पंखाची झाक येते ती याच कमानींमुळे. शिवणीच्या दोन बाजूंना सुमारे दीड सेंटिमीटर माया सोडून काळ्या फ्लीसचे दोन तुकडे कापतात. ते बाहीच्या खालच्या शिवणीला व अंगाच्या बाजूच्या शिवणीला आधी कच्च्या टाक्याने टाचतात. मग मुलाला शर्ट घालून हात वर-खाली करायला लावतात आणि ताण पडत नसल्याची खात्री झाल्यावर यंत्रावर टीप मारतात. यंत्र नसल्यास हाताने उलटी टीप घालावी. धावदोरा येथे टिकत नाही, कारण मूल रात्रभर पंख फडफडवते. कानांसाठी फेल्टच्या दोन-दोन त्रिकोणांत बक्रम घालून ते टोपीवर शिवतात. अशा वेशाला मुखवट्याची गरज उरत नाही.

भोपळ्याच्या वेशात नारिंगी कापडाची सैल पिशवी शिवून गळ्याशी व खाली नेफा करतात, त्यात इलॅस्टिक ओवतात आणि हातांसाठी बाजूला फटी ठेवतात. फुगीरपणासाठी पॉलिएस्टरचा कापूस भरतात. तो जास्त भरल्यास मुलाला बसता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. डोळे व तोंड काळ्या फेल्टचे कापून चिकटवले तरी चालते.

सुरक्षितता

भोपळ्यातील मेणबत्त्यांमुळे आगीचा धोका खरा आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात केसाळ रेयॉनचे काउबॉय पोशाख पेटून मुले भाजली. अशा दुर्घटनांनंतर १९५३ साली ज्वलनशील कापडांविषयीचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये पोशाखाच्या खेळांना खेळण्यांचे नियम लागू होतात, मुलांच्या रात्रवस्त्रांचे अधिक कडक नियम नाहीत. २०१४ च्या हॅलोवीनला तेथे एका मुलीचा पोशाख पेटून ती गंभीर भाजली, तेव्हा या तफावतीवर मोठी चर्चा झाली. घरी शिवलेला पोशाख तर कोणत्याच चाचणीतून जात नाही. त्याची जबाबदारी शिवणाऱ्यावरच असते.

सैल, पातळ व जाळीदार कापडाला सर्व बाजूंनी हवा मिळते, म्हणून ते झपाट्याने पेटते. घट्ट विणीचे नायलॉन वा पॉलिएस्टर सहसा लवकर पेट घेत नाही, मात्र वितळून त्वचेला चिकटू शकते. त्यामुळे आत सुती कपड्यांचा थर ठेवणे हिताचे. लोंबत्या बाह्या व जमिनीवर लोळणारा घोळ टाळावा. घोळ घोट्याच्या वर असला की मूल अडखळतही नाही. गळ्याशी नाडी बांधण्याऐवजी वेल्क्रो लावावा, म्हणजे पोशाख कोठे अडकला तरी ओढ बसताच सुटतो. गडद वेशाच्या पाठीवर व बाह्यांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवतात. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेरीचा दिवा ठेवणे उत्तम.

मराठी भाषकांमध्ये

महाराष्ट्रातील शाळांत विचित्र वेशभूषा स्पर्धा होतात, त्यांसाठीचे पोशाख पुष्कळदा भाड्याने आणले जातात. हॅलोवीनचा प्रत्यक्ष संबंध येतो तो मुख्यतः उत्तर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना. काही वर्षी दिवाळी व हॅलोवीन एकाच आठवड्यात येतात. अशा वेळी दारात पणत्या तेवत असतात आणि त्याच उंबरठ्यावरून पंख लावलेली मुले ये-जा करतात. तेव्हा पणत्या वाटेतून बाजूला, मुलांच्या पोशाखाची कड पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्या लागतात.