सालबाईच्या तहातलं एक दुर्लक्षित कलम

सालबाई ग्वाल्हेरपासून फार लांब नाही, तरी मुद्दाम तिथे जाऊन आलेले आपल्यात थोडेच. १७ मे १७८२ रोजी तिथे महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी तह केला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबादादांना नेमणूक मिळाली, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. पण एका कलमाकडे सहसा लक्ष जात नाही: पोर्तुगीजांची जुनी ठाणी सोडून इतर कोणत्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांच्या मुलखात वखार घालू द्यायची नाही.

रोख अर्थातच फ्रेंचांवर होता. १७७७ साली सेंट लुबिन पुण्यात नाना फडणवीसांशी बोलणी करत होता, त्याचा धसका इंग्रजांनी घेतला होता.

आता तोफखान्याच्या बाजूने पाहा. दारूला सोरा, गंधक आणि कोळसा लागतो. बिहारच्या सोऱ्याचा मक्ता प्लासीनंतर कंपनीने घेतला होता. पितळी तोफेला तांब्यात कथील लागतं, ते समुद्रापलीकडून यायचं. म्हणजे एक वाट कंपनीच्या हातात, दुसरीवर या कलमाचा पहारा.

तहाने महादजींना उत्तरेत मोकळीक मिळाली, हे खरंच. त्यांनी तिचा उपयोगही केला. १७८४ मध्ये डी बॉयन नोकरीत आला, आग्र्याला सँगस्टरच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. लोखंड आपल्या भागात होतंच. ऐन-इ-अकबरीतही त्याची नोंद आहे. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे याच कवायती पलटणींनी विजय मिळवला.

थोडक्यात, पाटीलबाबांनी बाहेरून माल आणण्यापेक्षा माल घडवणारा माणूस आणला. पण तो माणूसही परकाच होता. १८०३ मध्ये दौलतरावांचे इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर निघून गेले, सप्टेंबरात खुद्द पेराँनेही नोकरी सोडली, ऑक्टोबरात आग्रा पडलं. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावच्या तहात शत्रुराष्ट्राच्या माणसांना इंग्रजांच्या संमतीशिवाय नोकरीत ठेवायचं नाही, असं कलम आलं. सालबाईने वखारी बंद केल्या, अंजनगावने कारागीर.

जानेवारी २०२४ मध्ये भारताने लिथियमसाठी अर्जेंटिनाशी करार केला. बातमी वाचली तेव्हा आग्र्याचा कारखानाच आठवला. खनिज मिळेल हो, पण ते शुद्ध करून घडवणारे हात आपले असतील का, हे आजच पाहायला हवं.