वाचा व श्रवण उपचारांतील सांस्कृतिक सजगता आणि नीतितत्त्वे

बोलणे, भाषा, ऐकणे आणि गिळणे यांतील विकारांची तपासणी व उपचार करताना रुग्णाची भाषा, बोली, कुटुंब आणि रीतिरिवाज यांची दखल घेण्याची व्यावसायिक जबाबदारी. भारतात या व्यवसायाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये होऊ लागले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग संस्था ही शिक्षण-संशोधनाची प्रमुख केंद्रे होत.

बोलीभेद आणि वाचादोष यांत फरक करणे हे पहिले तत्त्व. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते, तो त्याच्या बोलीचा नियम असतो. त्यावर उपचार करणे अन्यायाचे ठरते. इंग्रजीत प्रमाणित केलेली चाचणी केवळ भाषांतर करून वापरल्यास निष्कर्ष चुकतात. द्विभाषिक मुलाची तपासणी त्याच्या दोन्ही भाषांत व्हावी लागते. घरची भाषा सोडून देण्याचा सल्ला शास्त्राला धरून नाही. त्याने मूल आजी-आजोबांपासून तुटते.

गिळण्याच्या विकारात आहार सुचवताना उपवास, शाकाहार आणि घरातील नेहमीचे पदार्थ विचारात घेतात. मऊ भात-वरण घोटून योग्य दाटपणाचे करता येते.

संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घेणे आणि गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. नातेवाईक दुभाषी असल्यास रुग्णाचे स्वतःचे म्हणणे झाकले जाण्याचा धोका असतो. कर्णबधिर मुलाच्या पालकांना श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट आणि भारतीय सांकेतिक भाषा या सर्व पर्यायांची निःपक्ष माहिती द्यावी. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सांकेतिक भाषेचा संवादाचे माध्यम म्हणून समावेश आहे.